पाण्याच्या ताळेबंदात मीठ कुठे आहे?

गावाच्या पाण्याचा हिशेब मांडावा, तो ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि त्यावरून पुढच्या हंगामाची पिके ठरवावीत, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने ती वर्षानुवर्षे राबवून दाखवली. पाऊस किती पडला, त्यातला किती मुरला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल आणि शेतीला किती उरेल, असे साधे जमा-नावे गावाने मांडले आणि शिल्लक पाहून पेरणी केली.

पुढे हाच हिशेब संगणकावर आला. हवामानबदलाला तोंड देऊ शकेल अशी शेती उभी करण्यासाठी २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जावर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. खेड्यापाड्यांत तो ‘पोकरा’ या नावानेच ओळखला जातो. पहिल्या टप्प्यात मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील १५ जिल्ह्यांतली पाच हजारांवर गावे होती. त्यांत सुमारे हजार गावे पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातली. या गावांच्या आराखड्यांसाठी मुंबईच्या आयआयटीने पाण्याच्या ताळेबंदाचे साधन तयार केले. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे अशा साधनाचेही करायला हवे, कारण पुस्तक न वाचणाऱ्यांच्या शेतापर्यंतही त्याचा निकाल पोहोचतो. या लेखात ते साधन आपण अमरावती-अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात उभे राहून वाचणार आहोत.

साधनाचे गुण

आधी गुण पाहू. पूर्वीच्या अनेक आराखड्यांत वर्षाचा पाऊस एका आकड्यात घेत आणि त्याला ठरावीक टक्केवारीने गुणून मोकळे होत. येथे हिशेब दररोजचा आहे. त्या दिवशी पडलेल्या पावसातून वाहून गेलेले पाणी, म्हणजे अपधाव, वजा करायचा. उरलेले पाणी मातीत ओल म्हणून साठते. त्यातले पीक शोषून घेते, काही उन्हाने उडून जाते. मातीची धरून ठेवण्याची शक्ती संपली की राहिलेले पाणी खाली भूजलात झिरपते. पिकाची गरज किती आणि त्याला मिळाले किती, यांतला फरक म्हणजे तूट. चांगल्या पावसाच्या वर्षीही ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांचा खंड पडला तर सोयाबीनला काय सोसावे लागते, ते वर्षाच्या बेरजेत दिसत नाही. दैनंदिन हिशेबात ते दिसते.

दुसरा गुण असा की, गाव हे एकसंध शिवार मानलेले नाही. ओढ्या-नाल्यांच्या उतारानुसार त्याचे विभाग पाडून प्रत्येकाचा वेगळा हिशेब होतो. मातीचे आणि जमीनवापराचे नकाशे नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राचे आहेत. तिसरा गुण म्हणजे हे काम ‘क्यूजीआयएस’ या मोफत आणि खुल्या नकाशाप्रणालीवर बेतलेले आहे. सार्वजनिक पैशातून झालेले गणित सार्वजनिक असावे, ही अपेक्षा येथे बऱ्याच अंशी पुरी होते. गणित उघड आहे म्हणूनच त्याची चिकित्सा करता येते.

एक आकडा चुकला तर

अपधाव काढण्याची रीत अमेरिकेच्या मृदसंधारण विभागाने १९५० च्या दशकात रूढ केली. जमिनीचा प्रकार आणि तिच्यावरचे पीक पाहून तिला शंभरपैकी एक अंक द्यायचा. अंक जितका मोठा तितके पाणी जास्त वाहून जाणार. कापसाखालच्या भारी काळ्या जमिनीला समजा ८५ अंक दिला. २५,४०० ला ८५ ने भागून त्यातून २५४ वजा केले की ४४.८ मि.मी. येतात. ही त्या जमिनीची साठवणशक्ती. तिचा पाचवा हिस्सा, सुमारे ९ मि.मी., पाणी वाहू लागण्याआधीच मुरतो. मग पावसातून ९ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग करायचा आणि त्याला पाऊस अधिक ३६ (साठवणशक्तीचा चार-पंचमांश) या बेरजेने भागायचे.

आठवीच्या वर्गात हे गणित फळ्यावर सोडवता येईल. पाऊस ६० मि.मी. असेल तर अपधाव २७ मि.मी. येतो. पाऊस ३० मि.मी. असेल तर? मुले ‘निम्मा’ म्हणतील, पण उत्तर येते ६.७ मि.मी. पाऊस निम्मा झाला आणि अपधाव चौथाईवर आला.

या उत्तराचा व्यवहारातला अर्थ समजून घेऊ. ३० मीटर लांब, तेवढेच रुंद आणि ३ मीटर खोल अशा उतरत्या काठांच्या शेततळ्यात सुमारे २,१९६ घनमीटर पाणी मावते. एका हेक्टरवरचा एक मि.मी. अपधाव म्हणजे दहा घनमीटर. तेव्हा ६० मि.मी. च्या एका पावसात आठ हेक्टरांवरचे पाणी हे तळे भरू शकते. ३० मि.मी. च्या पावसात त्यासाठी तेहतीस हेक्टर लागतील.

आता पावसाचा आकडा येतो कुठून, ते पाहा. ‘महावेध’ योजनेखाली २०१७ पासून राज्यात सुमारे दोन हजार स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, महसूल मंडळागणिक एक. तालुक्याला एक पर्जन्यमापक असण्याच्या काळापेक्षा ही मोठीच प्रगती आहे. तरी एका मंडळात कितीतरी गावे असतात, आणि ‘बैलाच्या एका शिंगावर पाऊस, दुसरे कोरडे’ असे आपल्याकडे जुलैच्या पावसाबद्दल म्हणतात ते उगीच नाही. मंडळाच्या केंद्रावर ६० मि.मी. नोंदले गेले आणि दहा किलोमीटरवरच्या गावात ३० च पडले, तर संगणक त्या गावाच्या खात्यावर चौपट अपधाव जमा करील. सूत्र बरोबर, बेरीज बरोबर आणि तळे मात्र कोरडे!

खारपाणपट्ट्यात जमा कोणती, नावे कोणते?

ही उणीव अधिक पर्जन्यमापक बसवून भरून काढता येईल. दुसरी उणीव अधिक खोलवरची आहे.

सातपुड्यात उगम पावून पूर्णा नदी अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतून पश्चिमेला वाहते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांवर सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा गाळाचा सपाट पट्टा आहे. दर्यापूर, भातकुली, अंजनगाव सुर्जी, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर हे तालुके कमीअधिक प्रमाणात त्यात येतात. वर्षाला सुमारे ८०० मि.मी. पाऊस पडूनही येथल्या विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी तोंडात धरवत नाही. म्हणून तर वान आणि शहानूर धरणांचे पाणी नळांनी या गावांना आणावे लागले.

हिवरे बाजारच्या ताळेबंदात मुरलेले पाणी ही जमा असते. तेथे खाली खडक आहे, त्याच्या भेगांत पाणी साठते आणि विहिरीतून ते गोडच परत मिळते. वाहून गेलेले पाणी म्हणजे तोटा. खारपाणपट्ट्यात खालचा साठाच खारा आहे. त्यात जाऊन मिसळलेले गोडे पाणी बुडीत कर्जासारखे. वहीत दिसते, हाती येत नाही. आणि शिवारावरून वाहत जाणारा अपधाव, ज्याला इतरत्र आपण तोटा म्हणतो, ते तर या पट्ट्यातले गावाच्या हक्काचे मुख्य गोडे पाणी! जमा आणि नावे यांचे रकाने येथे जवळजवळ उलटे होतात.

काही ठिकाणी मुरलेल्या पावसाचा पातळ गोडा थर खाऱ्या पाण्यावर तरंगतो आणि उथळ विहिरीला काही दिवस बरे पाणी लागते, हे खरे. पण पंपाचा उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर येते. विहिरीत पाणी आहे की नाही, एवढ्यावर येथे भागत नाही. ते कोणते पाणी आहे, हे विचारावेच लागते. ताळेबंदाचे समीकरण मात्र पाऊस, अपधाव, ओल, बाष्प आणि झिरपा एवढीच पदे ओळखते. सर्व मिलिमीटरांत. मिठाचे पद त्यात नाही.

मिठाचा जमाखर्च

ते पद किती मोठे असते, याचा अंदाज घेऊ. पाण्याचा खारेपणा त्याच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात. वाहकता २ डेसीसायमन प्रति मीटर असेल तर पाण्यात लिटरला साधारण १.२८ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्याची ६० मि.मी. ची एकच पाळी हरभऱ्याला दिली, तर हेक्टरी ६०० घनमीटर पाण्याबरोबर ७६८ किलो क्षार रानात जातात. म्हणजे एकरी पन्नास किलोची सहा पोती! पाणी उडून जाते, मीठ राहते. शेततळ्यातल्या ०.३ वाहकतेच्या पाण्याची तेवढीच पाळी एकरी एका पोत्याहूनही कमी क्षार नेते. मिलिमीटरांच्या वहीत या दोन्ही पाळ्या अगदी सारख्या दिसतील.

यापुढे सोडियमचा प्रश्न येतो. कोरड्या हवामानात कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने बाहेर पडते आणि मातीच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढत जातो. सोडियम चढलेली चिकणमाती ओली झाली की तिचे कण एकमेकांपासून सुटतात, बारीक छिद्रे बुजतात आणि पाणी खाली उतरत नाही. अशा जमिनीला आपले शेतकरी चोपण म्हणतात. अमेरिकेतील क्षारता प्रयोगशाळेच्या १९५४ च्या हस्तपुस्तिकेने सोडियमचा वाटा १५ टक्क्यांवर गेला की जमीन चोपण समजावी, असा दंडक घातला. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेतील संशोधकांनी पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनी तपासल्या, तेव्हा ५ टक्क्यांच्या आसपासच निचरा बिघडू लागतो असे आढळले. परक्या मातीवर ठरलेला आकडा आपल्या मातीला तपासल्याशिवाय लावू नये, याचे हे घरचेच उदाहरण. भारी काळ्या जमिनीला ८५ अंक देताना ती चोपण आहे की नाही, हे विचारले नाही तर अपधाव आणि झिरपा दोन्ही चुकतात.

याचा परिणाम कागदावरच राहत नाही. ‘भूजलात इतके पाणी शिल्लक’ असे छापील पत्रक हाती आले की कर्ज काढून विहीर किंवा कूपनलिका घेणारा शेतकरी निघतोच. पाणी लागते, पहिली दोन वर्षे पीकही बरे येते आणि मग जमीन आवळू लागते. चोपण झालेली जमीन सुधारायला जिप्सम, हिरवळीचे खत आणि कित्येक वर्षांचा धीर लागतो.

प्रकल्पाची बाजू

यावर कोणी म्हणेल की, खारपाणपट्ट्यातले पाणी खारे आहे हे प्रकल्पाला ठाऊकच होते. ते खरे आहे. या पट्ट्यासाठी त्यांनी शेततळी, तुषार सिंचन आणि ओल टिकवणाऱ्या मशागतीवर भर दिला, आणि तो योग्यच होता. चिकण चोपण मातीतून झिरपा कमी असल्याने तळे पाणी धरूनही ठेवते. जो दोष पिकाला मारतो तोच तळ्याला तारतो.

पण मग आक्षेप अधिकच पक्का होतो. शहाणपण माणसांच्या डोक्यात होते, ते हिशेबात उतरले नाही. खारपाणपट्ट्याचा निर्णय ताळेबंदातून निघाला नाही. ताळेबंद बाजूला ठेवून घेतला गेला. साधन मात्र उद्या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या, दुसऱ्या योजनेच्या हाती जाईल. प्रकल्पाचा दुसरा टप्पाही राज्याने हाती घेतला आहे. ज्याच्या डोक्यात ते शहाणपण नाही त्याला साधनाने सावध करायला नको का?

हिशेबाची अशी उलटापालट जगात इतरत्रही झाली आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हासाठी मूळची खोल मुळांची झाडी तोडली. झाडे शोषून घेत होती ते पाणी खाली झिरपू लागले, खारी पाणपातळी वर चढली आणि मोठ्या क्षेत्रावरची शेती नापीक झाली. त्या भागात झिरपा वाढणे ही आनंदाची बातमी नसते. आपल्याकडेही कालव्याचे पाणी खारपाणपट्ट्यात नेताना निचऱ्याचा विचार आधी करावा लागतो, तो याच कारणाने.

यंत्राचा स्वतःचा खर्च

अशा वेळी ‘आणखी यंत्रे बसवा’ हे उत्तर चटकन सुचते. पण यंत्रालाही पर्यावरणाचा हिशेब असतो. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. शेतात बसवलेले संवेदक, त्यांच्या बॅटऱ्या आणि चार वर्षांत जुना ठरणारा मोबाइल, हे सारे शेवटी त्याच ढिगाऱ्यात जाते.

स्वयंचलित पर्जन्यमापकात एक छोटे झुलते पात्र असते. ठरावीक पाणी भरले की ते कलंडते आणि एक नोंद होते. नळीत पाने किंवा पक्ष्यांची विष्ठा अडकली की नोंदी थांबतात, आणि कार्यालयात बसलेल्याला वाटते की पाऊसच झाला नाही. फार जोराच्या पावसात पात्र कलंडता कलंडता थोडे पाणी निसटते, म्हणून आकडा कमी येतो. म्हणजे यंत्राला राखण लागते आणि कोणीतरी त्याची चूक पकडावी लागते. डिजिटल तंत्रज्ञान टिकाऊ रीतीने वापरायचे तर यंत्रे थोडी, दुरुस्त होणारी आणि गावाला तपासता येतील अशी असावीत. हे तपासण्याचे काम शाळेइतके चांगले कोण करील?

शाळेने करावयाच्या तीन नोंदी

पहिली नोंद पावसाची. शाळेच्या मोकळ्या आवारात साधा नळकांडी पर्जन्यमापक बसवावा आणि रोज सकाळी ८.३० वाजता, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेला, पाणी मोजून वहीत लिहावे. हंगामाच्या शेवटी मंडळाच्या केंद्राचा आकडा शेजारी मांडावा. मोठ्या पावसाच्या दिवसांचा फरक विशेष पाहावा. वर दिलेल्या गणिताने त्याचा अपधाव मुलांनाच काढू द्यावा.

दुसरी नोंद विहिरींची. पेनाएवढे वाहकतामापक आता सहज मिळते. मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये गावातल्या ठरलेल्या विहिरींचे, तळ्याचे आणि नळाचे पाणी मोजावे. मापक मायक्रोसायमन दाखवत असेल तर १,००० म्हणजे एक डेसीसायमन, लिटरला साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले मानले आहेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतले आहेत. मात्र हे मापक सोडियम आणि कॅल्शियम यांतला भेद सांगत नाही, हे मुलांना जरूर सांगावे.

तिसरी नोंद मातीची. तिला वीज लागत नाही. ऑस्ट्रेलियातील इमर्सन या मृदशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये अशी परीक्षा सुचवली होती. वाटाण्याएवढे वाळलेले ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडावे आणि न ढवळता दोन तास ठेवावे. ढेकूळ फुटून चुरा झाला पण पाणी नितळ राहिले, तर काळजी नाही. ढेकळाभोवती दुधाळ वलय पसरले, तर सोडियमचा संशय घ्यावा. अशा गढूळ पेल्यात चिमूटभर जिप्सम टाकून दुसऱ्या दिवशी पाहावे. कॅल्शियममुळे कण एकत्र येऊन तळाशी बसू लागतात. शेतात जिप्सम का टाकतात, हे यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही. परीक्षेला विहिरीचे पाणी मात्र घेऊ नये. खाऱ्या पाण्यात कण सुटत नाहीत, पेला नितळ दिसतो आणि फसगत होते.

या तिन्ही नोंदी गावाच्या नकाशावर विभागवार भराव्यात आणि ताळेबंद वाचला जाईल त्या ग्रामसभेत तो नकाशा शेजारी लावावा. साधन करणाऱ्यांकडून दोन गोष्टी मागाव्यात. भूजलातल्या शिलकीच्या आकड्यापुढे पाण्याची वाहकता लिहिण्याचा एक रकाना असावा. तो रिकामा असेल तर खारपाणपट्ट्यात शिल्लक छापूच नये. आणि गावाने मोजलेल्या पावसाला हिशेबात शिरायला वाट असावी.

ताळेबंदाचे साधन टाकाऊ आहे, असे म्हणण्याचा हेतू नाही. आजवर गावांच्या हाती आलेल्या साधनांत ते उजवे आहे आणि दुरुस्त करण्याजोगे आहे. ती दुरुस्ती मुंबईत व्हायची असली तरी तिच्यासाठी लागणारे आकडे दर्यापूर, तेल्हारा आणि बाळापूर तालुक्यांतल्या विहिरींवर आहेत. शाळा उन्हाळी सुट्टीवर जाण्यापूर्वी विहिरींची यादी तेवढी करून ठेवावी. मे महिन्यातली पहिली नोंद चुकली तर ऑक्टोबरची तुलना कशाशीच करता येत नाही.